रोजगार हमीच्या मजुरीतून घरात खरं किती उरतं, हे मोजायचं कसं?

शिवारफेरी

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आठ गावांत रोजगार हमीच्या कामांचा अभ्यास आखायचा आहे. मार्टिन रॅव्हॅलियन आणि गौरव दत्त या अर्थशास्त्रज्ञांनी सोलापूरचं शिरापूर आणि अकोल्याचं कंझरा या दोन गावांच्या माहितीवर १९९४ साली जे मांडलं, तिथून सुरुवात करतोय. त्यांचा निष्कर्ष असा की हमीच्या कामावर मिळालेल्या मजुरीतला साधारण चौथा हिस्सा मजुराने दुसरीकडची कमाई सोडून मिळवलेला असतो. म्हणजे रुपयाला बारा आणे निव्वळ.

हा चौथा हिस्सा काढायचा कसा? मजुराला सरळ विचारलं की 'हे काम नसतं तर काय केलं असतं', तर 'घरीच बसलो असतो' एवढंच उत्तर येईल अशी भीती आहे. दुसरं, १९८८ मध्ये मजुरी वाढवल्यावर गरिबांचं नुकसान झालं असं याच संशोधनाचा दाखला देऊन सांगितलं जातं. ते कितपत खरं? तिसरं, सरकारी आकड्यांत मागणी आणि दिलेलं काम जवळपास सारखंच दिसतं, आणि गावात विचारलं की लोक काम मिळालं नाही म्हणतात. अहवालात कोणता आकडा धरू?

आकडेमोड

शिवारफेरी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

दत्त आणि रॅव्हॅलियन यांच्याकडे 'काय केलं असतं' या प्रश्नाची उत्तरं नव्हती. त्यांच्याकडे इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या गाव-अभ्यासाची माहिती होती. १९७५ पासून इक्रिसॅटचे अन्वेषक गावातच मुक्कामाला असत आणि त्याच त्या घरांना दर तीन-चार आठवड्यांनी भेटून कोणी किती वेळ कशात घातला ते टिपून घेत: मजुरी, स्वतःचं शेत, घरकाम, रिकामे दिवस. त्यामुळे एकाच माणसाचा हमीच्या कामावरचा वेळ वाढला की बाकीच्या कशातला वेळ कमी होतो, हे बघता आलं. रिकामा दिवस गेला तर तोटा शून्य. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी गेली तर तोटा त्या दिवसाच्या मजुरीइतका. स्वतःच्या शेतातलं काम राहिलं तर त्याची किंमत लावावी लागते, आणि ती कळीच्या आठवड्यात मोठी असते.

तुमच्याकडे एवढी वर्षं नसणार, पण तत्त्व तेच ठेवा. माणसाची तुलना त्याच्याशीच करा. आठवड्याचे सात दिवस, प्रत्येक दिवसाचे दोन अर्धे, असा चौदा चौकटींचा तक्ता करा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगाराच्या फेऱ्याही अर्ध्या दिवसाच्याच मापाने चालत. मस्टर, म्हणजे कामाचा हजेरीपट, चालू असलेल्या आठवड्याचा एक तक्ता आणि मस्टर बंद असलेल्या, पण त्याच हंगामातल्या आठवड्याचा दुसरा. चैत्राची तुलना चैत्राशीच करायची, भाद्रपदाशी नाही. पंधरा दिवसांपलीकडचं आठवून भरायला सांगू नका. लोक मग सरासरी सांगायला लागतात आणि मोडके दिवस गळून जातात.

आणि तक्ता घराचा हवा. हे सर्वांत महत्त्वाचं. समजा, एका पुरुषाने १२ दिवस काम केलं आणि दिवसाला २१० रुपये पडले. २,५२० रुपये झाले. मस्टर बंद असलेल्या पंधरवड्यात तो ४ दिवस १८० रुपयांनी शेतमजुरीला जातो. ७२० रुपये सुटले. इथेच थांबलात तर सोडलेली कमाई २८-२९ टक्के दिसेल. पण तो कामावर असताना शेरडं कोणी राखली? बायकोने. त्यासाठी तिचा निंदणीचा एक दिवस बुडला, त्याचे १५० रुपये. आता ८७० रुपये, म्हणजे साडेचौतीस टक्के. आकडे नमुन्यादाखल घेतलेत, पण फरक कुठून येतो ते दिसतं. शेरडांमागे शाळेतली पोर गेली असेल तर रुपयांत काहीच दिसणार नाही, म्हणून मुलांचेही तक्ते भरा.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिवाळीच्या आधीच घेतलेली असते. काम डिसेंबरात निघालं तर कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, आधीच कारखान्यावर गेलेला, आणि गावात उरलेल्यांची सोडलेली कमाई फार कमी भरणार. तेच काम सप्टेंबरात निघालं आणि त्यामुळे एखादं जोडपं उचल न घेता थांबलं, तर सुटलेली कमाई मोठी. पण तिथे वजाबाकीत उलट्या बाजूलाही रकमा येतात: गाडीभाडं, मुकादमाचं कमिशन, कोपीवरचा खर्च, परत येताना अंगावर राहिलेली बाकी. हे सगळं वजा करूनच ऊसतोडीची निव्वळ कमाई धरा.

शेवटी उशीर. मस्टर संपल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंतचे दिवस मोजा आणि तेवढ्या काळात दुकानदाराच्या उधारीवर चढा भाव लागला का, ते विचारा. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात (मनरेगा) मस्टर बंद झाल्यानंतरच्या सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई ठेवली होती. म्हणजे हजार रुपयांमागे दिवसाला ५० पैसे. सावकाराच्या व्याजाशी तुलना केलीत तर ही भरपाई किती तोकडी आहे ते लगेच कळेल.

चौकडी

१९८८बद्दल. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते.

आपली रोजगार हमी वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली. १९६५ साली सांगलीच्या तासगाव तालुक्यात प्रयोग, १९७२च्या दुष्काळात राज्यभर, मग १९७७चा कायदा, आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. तिचं बळ असं की मजुरी इतकी कमी होती की ज्याला दुसरीकडे काम मिळतं तो इकडे फिरकत नसे. यादी करायची गरज नाही, दाखला मागायची गरज नाही. उन्हात खडी फोडायला येणारा गरजूच असणार. रॅव्हॅलियन यांना या योजनेत हेच मोलाचं वाटलं. यादी करून गरीब शोधायला गेलं की खरे गरीब गळतात आणि सरपंचाचा भाचा आत येतो. इथे गरीब स्वतःच पुढे येतो.

१९८८ मध्ये किमान वेतन वाढलं, त्याबरोबर हमीची मजुरी सुमारे दुप्पट झाली. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी राज्याची महिन्या-महिन्याची हजेरी तपासली. मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढायला हवेत. हजेरी मात्र घसरली. याचा अर्थ लोकांना काम नको होतं असा होत नाही. काम काढलंच जात नव्हतं. रक्कम बांधलेली, दर दुप्पट, मग दिवस निम्मे. समजा मजुरीसाठी १२ लाख आहेत. २०० रुपयांनी ६,००० मनुष्यदिवस होतात, ३०० रुपयांनी ४,०००. त्याच वेळी ३०० रुपयांसाठी येणारे वाढलेले असतात. आणि काम अपुरं पडलं की रांगेत कोण पुढे राहतं? ज्याचं घर ग्रामपंचायतीजवळ आहे, ज्याला ग्रामरोजगार सेवक ओळखतो. वस्तीवरची एकटी बाई सगळ्यात आधी गळते. म्हणजे हमीतली 'हमी' गेली आणि मजुरी तेवढी राहिली.

यातून 'मजुरी कमीच ठेवा' असा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राजस्थानच्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे, काम मदतीचं असलं तरी. तेव्हा मजुरी खाली आणून गरजूंची निवड साधणं हा रस्ता कायद्यानेच बंद आहे. चूक मजुरी वाढवण्यात नव्हती, मजुरीबरोबर निधी न वाढवण्यात होती. १९८८चा दाखला देणाऱ्याला पुढचा प्रश्न हाच विचारा: त्या वर्षी कामं काढायला पैसे किती वाढवले?

तुमच्या आठ गावांत आणखी एक पाहा: जाहीर दर आणि हातात पडलेला दर यात फरक का पडतो. मजुरी दिवसावर नसून मोजमापावर असते. मातीकामात मजुरांच्या टोळीला चौकडी आखून देतात आणि खड्ड्याच्या मध्ये न खणलेला मातीचा खुंट सोडतात. त्या खुंटाच्या उंचीवरून खोली धरली जाते. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, भागिले शंभर घनफूट, की ब्रास झाले. आता खुंट पावसाने झिजला, किंवा अभियंता येण्याआधी कोणी उडवला, तर खोली अंदाजाने लिहितात आणि ती कमीच लिहिली जाते. मुरूम लागला तरी दर मऊ मातीचाच लावला, तर तीच मेहनत निम्म्या पैशात जाते. टोळीत म्हातारी माणसं असतील तर ब्रास कमी भरतात आणि पैसे सगळ्यांत वाटले जातात. म्हणून तरणी पोरं म्हाताऱ्यांना टोळीत घेत नाहीत. मोजमाप पुस्तिकेतली नोंद, मस्टरवरचे दिवस आणि खात्यात आलेली रक्कम या तिन्ही गोष्टी एकाच माणसासाठी समोरासमोर ठेवा. एक जरी सुटली तरी पैसे कुठे गळले ते सांगता येणार नाही.

गावनमुना

तिसऱ्या प्रश्नावर. अहवालात संगणकावरची मागणी धरू नका. कारण साधं आहे. मागणी नोंदवली आणि १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो. २००५च्या कायद्यात पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा, आणि तोही राज्याच्या तिजोरीतून. मग सोपा मार्ग कोणता? काम मंजूर होऊन मस्टर निघायची वेळ आली की त्याच माणसांची मागणी त्याच दिवशी भरायची. कागदावर मागणी आणि पुरवठा आपोआप जुळतात. नमुना ४, म्हणजे काम मागण्याचा अर्ज, भरून दिला आणि तारखेची पोच मिळाली असं ज्यांच्या बाबतीत खरंच घडलं, त्यांची संख्या घ्या. पोच दाखवा म्हटलं की बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात.

यासाठी घरोघरी विचारावं लागतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००९-१०च्या ६६ व्या फेरीत तीन पर्याय होते: काम मिळालं, मागितलं पण मिळालं नाही, मागितलंच नाही. पूजा दत्ता, रिंकू मुरगई, रॅव्हॅलियन आणि डॉमिनिक व्हॅन द वाल यांनी त्यावरून हिशेब केला. देशात दर १०० ग्रामीण घरांमागे सुमारे ४५ घरांना काम हवं होतं, २५ घरांना मिळालं. हव्या असणाऱ्यांपैकी ४४ टक्के रिकाम्या हाताने परतले. सूत्र तेवढंच आहे: मिळालेली घरं भागिले (मिळालेली अधिक मागून न मिळालेली), आणि ते एकातून वजा. त्यातली बोचणारी बाब ही की गरीब राज्यांत मागणी जास्त आणि नकारही जास्त. म्हणून जिथे गरज मोठी तिथे काम मोठं, असं चित्र निघालं नाही.

या प्रश्नात एक खोट राहते. 'मागितलंच नाही' म्हणणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. एकाला नको असतं. दुसऱ्याला हवं असतं, पण मिळणार नाही हे ठाऊक असल्याने तो गेलेलाच नसतो. म्हणून चौथा प्रश्न जोडा: 'उद्या गावात मस्टर निघालं तर घरातलं कोणी जाईल का, आणि किती दिवस?' दिवस विचारायला विसरू नका. दहा दिवस मिळालेल्या घराला साठ दिवस हवे असतील, तर 'काम मिळालं' या रकान्यात ते घर समाधानी दिसतं.

याच मंडळींनी बिहारमध्ये १५० गावांतल्या ३,००० घरांची २००९ आणि २०१० अशी दोनदा पाहणी केली. मागेल त्याला पूर्ण मजुरीने शंभर दिवस मिळाले असते तर गरिबीचं प्रमाण किमान १४ टक्केबिंदूंनी उतरलं असतं. प्रत्यक्षात उतरलं साधारण १. तूट कशाने पडली याची फोड त्यांनी केली आणि मोठा वाटा काम न मिळण्याचाच निघाला.

मग वाटतं, लोकांना हक्क कळले की झालं. तेही त्यांनी तपासलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १५० पैकी ४० गावं निवडून तिथे दोन फेऱ्यांच्या मध्ये हक्कांची माहिती देणारी गोष्टरूप फिल्म दाखवली. लोकांना माहिती झाली, नियम पाठ झाले. काम मात्र वाढलं नाही. मागणी पोचवली तरी काम काढणारा टेबलापलीकडे जागचा हलत नसेल तर फिल्म काय करणार? तुमच्या अभ्यासात जागृतीचे मेळावे असतील तर परिणाम मोजताना 'माहिती आहे का' आणि 'काम मिळालं का' हे दोन निकाल वेगवेगळे ठेवा. पहिला सुधारला म्हणून दुसरा सुधारला असं लिहून मोकळं होणं फार सोपं असतं.

शिवारफेरी

तिघांचेही आभार. घराचा तक्ता आणि चौथा प्रश्न लगेच घेतोय. अजून एक अडचण आहे. योजना सुरू होण्याआधीची माहिती आमच्याकडे नाही. कामावर गेलेली घरं आणि न गेलेली घरं यांची थेट तुलना केली तर गेलेली घरं गरीबच दिसतात, जणू योजनेनेच गरीब केलं. आणि शेवटी निधी देणारे विचारणार, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ पैसे का वाटू नयेत?

आकडेमोड

पहिल्या अडचणीसाठी ज्योत्स्ना जालान आणि रॅव्हॅलियन यांचं अर्जेंटिनातल्या 'त्राबाहार' या मजुरीवर काम देणाऱ्या योजनेवरचं काम बघा. योजना तिथे १९९७ मध्ये आली आणि आधीची माहिती त्यांच्याकडेही नव्हती. त्यांनी कुटुंबाचा आकार, शिक्षण, घराची बांधणी, ठिकाण अशा गोष्टींवरून प्रत्येक घर योजनेत जाण्याची शक्यता काढली आणि कामावरच्या प्रत्येक घराला तेवढीच शक्यता असलेलं, पण न गेलेलं घर जोडीला दिलं. निव्वळ फायदा मजुरीच्या सुमारे निम्मा निघाला. शिरापूर-कंझऱ्यापेक्षा कमी, कारण तिथल्या बेरोजगाराला शहरात किडूकमिडूक काहीतरी मिळतच होतं. तरीही लाभार्थींपैकी निम्म्याहून अधिक देशातल्या तळाच्या दहा टक्क्यांतले होते.

जोड्या लावताना तीन पथ्यं पाळा. दोन्ही गटांना प्रश्नावली अगदी एकच हवी. एका गटाची मिळकत दोन प्रश्नांत आणि दुसऱ्याची वीस प्रश्नांत विचारलीत तर फरक प्रश्नावलीचा येतो. दोन्ही घरं एकाच मजूरबाजारातली हवीत, म्हणजे तोच आठवडी बाजार, तोच मजुरीचा दर. आणि योजनेमुळे जे बदलू शकतं, उदाहरणार्थ शेरडांची आत्ताची संख्या, ते जोडी लावायला वापरायचं नाही. जमीन, जात, घराची भिंत, वय हे वापरा. तुमच्याकडे तर आणखी चांगला गट आयता आहे: ज्यांनी मागितलं आणि ज्यांना मिळालं नाही. गावनमुना यांनी सांगितलेला प्रश्न नीट विचारलात तर हीच तुमची तुलनेची घरं. फक्त त्यांना नकार का मिळाला ते टिपा. ओळख नसल्याने मिळाला असेल तर ती घरं आधीपासूनच जास्त कोपऱ्यात पडलेली असू शकतात.

एक मर्यादा लक्षात ठेवा. काम निघालं की गावातल्या खासगी मजुरीचा दरही वर सरकतो आणि त्याचा फायदा कामावर न गेलेल्यालाही होतो. क्लेमां अँबेअर आणि जॉन पॅप यांना मनरेगामुळे कोरड्या हंगामात खासगी मजुरी ४.७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी आंध्र प्रदेशात स्मार्ट कार्डाने मजुरी देण्याचा प्रयोग १५७ मंडलांत, म्हणजे तिथल्या तालुक्यासारख्या विभागांत, तपासला. तिथे गरीब घरांची वाढलेली मिळकत बहुतांश योजनेबाहेरच्या कमाईतून आली होती. एकाच गावातल्या दोन घरांची तुलना करताना हा भाग दिसतच नाही. म्हणून काम भरपूर निघालेल्या आणि अजिबात न निघालेल्या गावांतले शेतमजुरीचे दर वेगळे नोंदवा, बायांचे आणि पुरुषांचे स्वतंत्र.

चौकडी

सरळ पैसे वाटण्याच्या प्रश्नावर रॅव्हॅलियन यांची मांडणी कागदावर करता येते. योजनेवरचे १०० रुपये घ्या. पुढचे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे घाला. त्यातली मजुरी ६०. खोट्या हजेरीत दहावा हिस्सा गेला, उरले ५४. त्यातली ८० टक्के मजुरी गरिबांकडे गेली, ४३ रुपये २० पैसे. चौथा हिस्सा सोडलेल्या कमाईचा वजा केला, ३२ रुपये ४० पैसे. आता तेच १०० रुपये गावात सरसकट वाटले, ५ रुपये खर्च धरला आणि निम्मं गाव गरीब असेल, तर गरिबांना ४७ रुपये ५० पैसे. फरक १५ रुपयांचा. बिहारच्या माहितीवर मुरगई, रॅव्हॅलियन आणि व्हॅन द वाल यांनी असाच हिशेब मांडला आणि झालेल्या कामाची किंमत शून्य धरली, तर सरसकट वाटपापेक्षा योजना सरस ठरत नाही असं त्यांना दिसलं.

तेव्हा सगळं येऊन थांबतं झालेल्या कामाच्या किमतीवर, उदाहरणार्थ पाझर तलावात पाणी थांबतं का, यावर. ती किंमत काढायचा कंटाळा करू नका, आणि ती गरिबांच्या वाट्याला किती येते तेही वेगळं काढा. तलावाखालच्या विहिरी कोणाच्या आहेत ते आधी लिहा. बागायतदारांच्याच असतील तर मत्तेचा लाभ मोठा असूनही गरिबांच्या रकान्यात थोडाच जाईल. तिथे वाढलेली मजुरी तेवढी धरता येईल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विहिरींतल्या पाण्याची पातळी दोरीला गाठी मारून मोजा, कामाच्या वरच्या अंगाला दोन विहिरी आणि खालच्या अंगाला चार. रब्बीचं क्षेत्र सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीवरून घ्या, पण जानेवारीत शिवारात जाऊन पडताळा. मागच्या वर्षीचंच पीक पुढे ओढलेलं असतं. जमिनीच्या ज्या गटाला पाणी पोचलं तिथे निंदणी-काढणीचे दिवस किती वाढले आणि ते कोणाला मिळाले, हे त्या चौदा चौकटींच्या तक्त्यातून निघेल. म्हणून तक्त्यात 'कोणाच्या शेतावर' हा एक रकाना आत्ताच वाढवून घ्या.